सुरेखा सिस्टर आणि काढ्याचे चार ग्लास

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या गावच्या सरपंच माननीय रूपालीताई. तालुक्याहून आपला दवाखाना सोडून इथवर आलेले माननीय डॉक्टरसाहेब. ज्यांच्या निरोपासाठी हा सगळा घाट घातला त्या आपल्या उपकेंद्राच्या सुरेखा सिस्टर. व्यासपीठावर बसलेले, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून व्यासपीठाला टेकून उभे असलेले सर्व मान्यवर. आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो, दोस्तांनो आणि गडबड करणाऱ्या लेकरांनो. आपणा सर्वांना जय भीम, रामराम आणि सलाम.

डॉक्टरसाहेब या गावात पहिल्यांदाच आलेत म्हणून माझी ओळख करून देतो. मी भारत. उभी हयात एसटीत कंडक्टर होतो. जालना, राजूर, भोकरदन, पिंपळगाव रेणुकाई, हा सगळा रस्ता मला पाठ आहे. आवाज मोठा आहे, माइकची मला गरज नाही. पण तो आणलाच आहे तर राहू द्या, नाहीतर बिचाऱ्याला वाईट वाटायचं.

सुरुवातीलाच एक कबूल करतो. मी आज गोंधळलेला माणूस आहे. रूपालीताई काल घरी आल्या आणि म्हणल्या, "मामा, तुम्ही दहा मिनिटं बोला. विषय घ्या, सर्दी-खोकल्याचे आजार, प्रतिकारशक्ती आणि सिस्टरांचं योगदान." मी म्हणलं, बोलतो. हो म्हणायला काय लागतं? त्या गेल्यावर आमची कौसल्या आतून म्हणली, "अवं, सिस्टरसंगं तर तुमचं भांडण झाल्तं. तुमी काय बोलणार?" तिथून माझी झोप गेली. भांडण झालं हे खरं. ते मिटलं का न्हाई, हे मात्र मला नक्की ठाऊक नाही. सिस्टर, मिटलं का आपलं? बघा, त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली का नाही म्हणून, हे मला चष्म्यातून दिसंना.

असो. आधी योगदान सांगतो, कारण ते सरळ आहे. सिस्टर आल्या तेव्हा आपण त्यांना टाळायचो. त्यांची स्कुटी दिसली की बायका म्हणायच्या, आली बाई, आता खिडक्या उघडायला लावील. आणि त्या लावायच्याच. घरात शिरल्या की आधी खिडकी, मंग चूल, मंग लेकराचं लसीचं कार्ड. आणि कापूस! डॉक्टरसाहेब, तुम्ही मूळचे कुठले मला माहीत नाही, पण आमच्याकडं दिवाळीनंतर कापूस घरात येतो. भाव वाढंल या आशेवर आम्ही तो विकत नाही, पुढच्या खोलीत पार आढ्यापर्यंत रचतो, आणि झोपायचं त्याच खोलीत. लेकरं त्याच्यावर उड्या मारतात. अंगाला खाज सुटते, धूळ नाकात जाते, सगळं घर खोकतं, आणि आम्ही म्हणतो यंदा हवाच खराब आहे. सिस्टरांनी घरोघर हिंडून, हात जोडून, रागावून, कापूस झोपायच्या खोलीतून बाहेर काढायला लावला. ज्यांनी ऐकलं त्यांचं लेकरू यंदा कमी खोकलं. ज्यांनी ऐकलं नाही ते इथं पुढंच बसलेत, मी नाव घेत नाही.

आता प्रतिकारशक्ती. इथं माझा पहिला गोंधळ. मी एकदा उपकेंद्रात जाऊन म्हणलं, "सिस्टर, ती प्रतिकारशक्तीची गोळी द्या बरं, चांगल्यातली द्या." त्यांनी विचारलं, झोप लागते का? भाकरीसंगं काय खाता? डाळ रोज असते का? अंडी खाता का? विडी-तंबाखू आहे का? चुलीपाशी कोण बसतं? हात कधी धुता? मी म्हणलं, "बाई, मी गोळी मागून राह्यलो आणि तुम्ही जनगणना करून राह्यल्या." तर म्हणल्या, "मामा, हीच गोळी आहे. दुसरी माझ्याकडे नाही." मी रिकाम्या हातानं परत आलो. मोबाइलवर बघावं तर एकजण म्हणतो लिंबू घ्या, दुसरा म्हणतो लिंबानं घसा धरतो. एक म्हणतो हळदीचं दूध प्या, दुसरा म्हणतो दुधानं कफ होतो. आमच्या मेव्हण्यानं गुळवेल म्हणून एक वेल आणून लावला. तो गुळवेल आहे का भलताच काही आहे, हे अजून कोणालाच सांगता आलेलं नाही. भिंतभर पसरलाय. प्यायची हिंमत नाही आणि उपटायचीही नाही.

तर मागच्या हिवाळ्यात अख्खं गाव खोकत होतं. कीर्तनात खोकला, ग्रामसभेत खोकला, वंदनेला बसावं तर बुद्धविहारात खोकला. तेव्हा मी आणि बद्रीनाथनं ठरवलं की रोज सकाळी पारावर काढा करायचा आणि जो येईल त्याला पाजायचा. बद्रीनाथ म्हणजे, साहेब, तो काय, पहिल्या रांगेत बसलाय, पांढऱ्या टोपीवाला. सगळे माझ्याकडं बघून राह्यले आणि तो एकटा पंख्याकडं. गावातलं जुनं जमीनदार घर आहे त्याचं. माझा शाळेपासूनचा दोस्त. चार महिन्यांपासून माझ्याशी बोलत नाही. ते का, हेच आज मला सांगायचंय, आणि सांगता सांगता समजून पण घ्यायचंय.

काढ्याचं सगळं सामान त्याच्या शेतातलं. तुळस, आलं, गवती चहा. गूळ त्याच्या घरचा. सुंठ-मिरीचा खर्चा माझा, पातेलं आमच्या विहाराचं, लाकडं ज्याला जमतील त्यानं आणायची. स्टीलचे चार ग्लास आणि विसळायला एक बादली. चव विचारू नका. झुंबरबाई पहिल्या दिवशी एक घोट घेऊन म्हणाल्या, "आगं माय, ह्यानं खोकला जाईल का जीव?" पण दुसऱ्या दिवशी पहिल्या त्याच आल्या. आठवड्यात रांग पारापासून शाळेपर्यंत गेली. माझी कंडक्टरची सवय, मी मध्ये उभा राहून ओरडायचो, पुढं सरका, जल्दी करा, मागं लोक उभे आहेत.

मी काढा कमी प्यायचो आणि ग्लास बघायचो जास्त. पाटलांच्या घरचा माणूस प्यायला की ग्लास बादलीत बुडवून आमच्या वस्तीतल्या म्हातारीच्या हातात, तिच्या हातून देवळाच्या पुजाऱ्याच्या हातात, त्यांच्या हातून रशीदभाईंच्या हातात. कोणी थांबत नव्हतं, कोणी ग्लासाकडं बघत नव्हतं. मला ते इतकं चांगलं वाटायचं की काय सांगू. तरण्या पोरांना वाटत असंल, त्यात काय एवढं? तर त्यात काय आहे ते सांगतो, आणि कोणाला टोचावं म्हणून सांगत नाही.

आम्ही पोरसवदा होतो तेव्हा गावात चहाचं एकच हॉटेल होतं. ते आता नाही, मालकही गेले, त्यांच्या नातवंडांचा यात काही दोष नाही, म्हणून नाव घेत नाही. आत बाकडी होती, कपबश्या होत्या. आमच्या वस्तीतल्या माणसांसाठी बाहेरच्या कट्ट्यावर कान तुटलेले तीन कप पालथे घातलेले असायचे. आपण उचलायचा, पुढं धरायचा, वरून चहा पडायचा. पिऊन झालं की आपणच विसळून परत पालथा घालायचा. पैसे मात्र सगळ्यांइतकेच. माझा बाप असाच प्यायला, चुलते असेच प्यायले. मीही प्यायलो.

एका बाजारच्या दिवशी मी असाच कट्ट्यावर बसलो होतो. बद्रीनाथ आत बसलेला होता. तो उठून बाहेर आला, माझ्याशेजारी बसला, माझ्या हातातला कप घेतला, उरलेला अर्धा चहा पिऊन टाकला आणि म्हणला, "साखर कमी हाय रे." एवढंच. अख्खा बाजार थांबून बघत होता. त्याच्या बापानं त्याला पुढचे कितीतरी दिवस घरात घेतलं नाही, तो गोठ्यात झोपला, आईनं त्याला तिथंच ताट वाढलं. त्या एका घोटानं गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही. नंतर भांडणं झाली, मोर्चा निघाला, पोलीस आले, आमच्या पोरांनी ते तीन कप दगडानं फोडले. पण पहिला घोट यानं घेतला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तेव्हापासून आमची दोघांची रीत पडली. चहा एकच मागवायचा. अर्धा त्यानं, अर्धा मी, त्याच कपानं. लोक हसायचे, एवढे मोठे झाले तरी यांना दोन चहा मागवायला जड जातं. आम्ही कधी कोणाला समजावून सांगितलं नाही. मी ड्यूटीवरून आलो की तो थांब्यावर उभाच असायचा. त्याच्या लग्नात असाच प्यायलो, माझ्या निवृत्तीला असाच प्यायलो.

आता या सगळ्यात सुरेखा सिस्टर येतात. एका सकाळी त्यांची स्कुटी पारापाशी थांबली. त्यांनी रांग बघितली, बादली बघितली, ग्लास बघितले आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणल्या, "काढा प्या, घशाला बरं वाटेल. पण यातले निम्मे खोकतायत आणि ग्लास तेच आहेत. उद्यापासून प्रत्येकानं आपापला ग्लास घरून आणायचा. वेगळा."

वेगळा. एवढं एक कानावर आलं आणि माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. "या गावात वेगळा ग्लास चालणार न्हाई, बिलकुल न्हाई," असं ओरडल्याचं आठवतं. सिस्टर गोंधळून गेल्या. "मामा, मी सगळ्यांसाठीच म्हणतेय," त्या म्हणल्या. मी म्हणलं, "पहिल्यांदा सगळ्यांसाठीच म्हणत असतेत." त्यांना मी काय बोलून राह्यलो ते कळेना, आणि त्यांना कसं कळत नाही ते मला कळेना. रागारागानं त्या निघून गेल्या. मीही रागानं दोन ग्लास काढा प्यायलो आणि दिवसभर छातीत जळजळ झाली.

पण खरा गोंधळ दुसऱ्या दिवशी. काही लोक ग्लास घेऊन आले. काही जण माझ्यासाठी म्हणून मुद्दाम रिकाम्या हातानं आले आणि त्याच चार ग्लासांतून प्यायले, त्यात बद्रीनाथ पहिला. "मी भारतचं उष्टं प्यायलेला माणूस हाय," तो सगळ्यांना सांगायचा, "मला सर्दी काय करती?" आणि ज्यांनी ग्लास आणले त्यांच्याकडं मी बघत राहायचो. हा सिस्टरांचं ऐकून आणतोय का? का याला आधीपासून मनातून हेच पाहिजे होतं आणि आता चांगलं निमित्त सापडलं? ग्लास तर सारखाच दिसतो हो. मी तिकीट बघून माणूस कुठं उतरणार ते सांगत होतो, पण ग्लास बघून माणसाच्या मनात काय आहे ते मला सांगता येईना. चांगल्या माणसांवर मी संशय घेतला असंल. ज्यांच्यावर घ्यायला पाहिजे होता ते कदाचित सुटले असतील. मला आजही ठरवता येत नाही.

मंग मला खोकला झाला. साधाच. चारआठ दिवसांत गेला. आमचा अर्धा-अर्धा चहा त्या दिवसांतही चालूच होता, त्यात खंड पडायचं कारणच नव्हतं. त्याच्यानंतर बद्रीनाथला खोकला झाला, आणि तो साधा राहिला नाही. ताप चढला. त्याच्या बायकोनं, आमच्या चतुरावहिनींनी, वाफ दिली, ओवा शेकला, छातीला तेल चोळलं. त्याला दोन वाक्यं सलग बोलता येईनात. वहिनींनी मला बोलावलं, मी गेलो तर ओठ काळपट पडलेले. मला काय करावं सुचेना. मी काढा उकळायला ठेवायला सांगितला, आता बोला! वहिनी म्हणल्या, "भावजी, काढा ऱ्हाऊ द्या. सिस्टरला बलवा."

ज्यांना मी पारावर नको नको ते बोललो त्यांनाच फोन लावला. त्यांनी एक अक्षर मागचं काढलं नाही. आल्या, बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला. गाडी बोलावली, स्वतः संगं बसल्या, जालन्याला दाखल होईपर्यंत त्याचा हात सोडला नाही. निमोनिया. थोडा जरी उशीर झाला असता तर आज पहिल्या रांगेत ती पांढरी टोपी नसती. लोकहो, सिस्टरांचं योगदान मला विचारलंत ना, ते हे आहे. टाळ्या आत्ता वाजवा, माझं बोलणं संपायची वाट बघू नका.

धन्यवाद. बसा, बसा.

दवाखान्याबाहेर मी सिस्टरांना सरळ विचारलं, "माझ्या उष्ट्यानं झालं का हे?" मला वाटलं, त्या एक तर हो म्हणतील नाहीतर नाही म्हणतील. त्या म्हणल्या, "मामा, ते कोणालाच सांगता यायचं नाही. श्वासातून येतं, खोकल्यातून येतं, हातातून येतं, ग्लासातूनही येऊ शकतं. तुमच्याकडून आलं असेल, रांगेतल्या कोणाकडूनही आलं असेल. आणि त्यांची फुप्फुसं विडीनं आधीच थकलेली." अहो, असं उत्तर घेऊन माणूस झोपणार कसा? हो म्हणल्या असत्या तर रडलो असतो, नाही म्हणल्या असत्या तर सुटलो असतो. डॉक्टरसाहेब, तुम्ही तरी सांगता का? साहेबांनीही मान हलवली. राहू द्या. माझ्या नशिबात मान हलवणारेच लिहिलेत.

बद्रीनाथ बरा होऊन घरी आला. जालन्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, छाती कमजोर झालीय, पुढचा हिवाळा जपा, असं दुसऱ्यांदा झालं तर भरवसा नाही. विडी बंद, गर्दी कमी, आणि थंडीच्या आत दोन लसी, एक तापसर्दीची आणि एक निमोनियाची. मी ऐकलं आणि मला धडकीच भरली. पहिल्याच दिवशी त्याला भेटायला जाताना मी बाजारातून एक नवा कप घेतला. वहिनींनी नेहमीसारखा एक चहा आणला. मी काही न बोलता त्यातला अर्धा नव्या कपात ओतला, तो माझ्याकडं घेतला आणि जुना त्याच्यापुढं सरकवला.

बद्रीनाथनं त्या दोन कपांकडं बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. म्हणला, "ह्या एका कपासाठी मी बापाच्या घरातून बाहेर ऱ्हायलो. आन् आज तू मला वेगळा काढतोस?" चहा तसाच ठेवून भिंतीकडं तोंड करून झोपला. मी समजावायला गेलो, तुझ्या छातीसाठी केलं रे बाबा. तो म्हणला, "पहिल्यांदा असंच म्हणत असतेत." माझंच वाक्य मला मारलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. आणि लसीचं नाव काढलं की चतुरावहिनींना सांगतो, "ज्याला माझं उष्टं चालत न्हाई त्यानं मला सुया सांगू न्हाई." लस घ्यायला तयार नाही. हिवाळा काही आपल्यासाठी थांबणार नाही. वहिनी माझ्याकडं बघतात आणि मी त्यांच्याकडं.

मला सांगा, मी काय चुकलो? वेगळा ग्लास नको म्हणालो तर दोस्त मरायला टेकला. वेगळा कप केला तर दोस्त तुटला. दोन्हीकडून मीच अडकलो. तीस वर्षं रोज शेकडो माणसांना कुठं उतरायचं ते मी सांगितलं, आणि माझं मलाच कळंना कुठं उतरावं.

परवा सिस्टर आमच्या घरी निरोप घ्यायला आल्या. त्यांची बदली शहागडला झाली हे तेव्हाच कळलं. कौसल्यानं चहा ठेवला. बोलता बोलता मी त्यांना ती कट्ट्यावरच्या कपांची गोष्ट सांगितली. एवढे दिवस सांगितली नव्हती. मला वाटायचं, हे काय सांगायचं असतंय का, हे तर सगळ्यांना ठाऊक असतंय. त्यांना ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मंग म्हणल्या, "मामा, हे मला माहीत असतं तरी मी तेच सांगितलं असतं. ग्लास वेगळाच हवा. पण पारावर सगळ्यांसमोर आरोळी दिली नसती. आधी येऊन तुमच्यापाशी बसले असते. तुम्हाला विचारलं असतं."

त्या गेल्या आणि मी ओट्यावर बसून राहिलो. विचारलं असतं. कट्ट्यावर कप ठेवणाऱ्यानं माझ्या बापाला कधी विचारलं नव्हतं. सिस्टरांनी मला विचारलं नव्हतं म्हणून मी एवढा पेटलो. आणि मी? मी नवा कप घेऊन दोस्ताच्या घरी गेलो आणि त्याला न विचारता अर्धा चहा ओतून मोकळा झालो. त्याच्याच भल्यासाठी केलं, ते खरं. पण विचारलं नाही, हे पण खरं. आता हे सगळं बराबर आहे का, मला माहीत नाही. मी अजून गोंधळलेलाच आहे. पण एवढं एक करून बघावं असं वाटतंय, आणि ते गावासमोरच केलेलं बरं. पहिला घोट त्यानं गावासमोरच घेतला होता.

बद्रीनाथ, पंख्याकडं काय बघतोस, इकडं बघ. मी तुला विचारायला उभा हाय. तुझी छाती कमजोर हाय. माझा खोकला तुला लागला तर मी जगून काय करू? चहा एकच मागवू, अर्धा-अर्धाच पिऊ, पण कप दोन ठेवू. तुझ्या मनाला पटत नसंल तर न्हाई म्हण, मी आयुष्यात पुन्हा ह्या विषयावर बोलणार न्हाई. सांग, चालंल का तुला?

थांबा, थांबा, कोणी बोलू नका. त्याला उठू द्या. दम लागतो त्याला, सावकाश उठंल.

काय म्हणला? मागच्यांना ऐकू आलं नाही, मी सांगतो. म्हणतोय, "येड्या, हेच त्या दिवशी इचारायला तुझी जीभ झडली होती का? चार महिने झाले, एकट्यानं पूर्ण कप पितोय. संपतच न्हाई."

एक मिनिट द्या मला. पाणी द्या कोणीतरी.

आणखी काय म्हणून राह्यला? लसीचं? "आधी तू घे." आता आली का पंचाईत! मी घेतलेली नाही, सिस्टर, हसू नका. सुईला मी आधीपासून घाबरतो. म्हणतोय, "जिथं तू तिथं मी, मंग दोन काय चार सुया टोच." ठीक आहे. डॉक्टरसाहेब, लस कुठं मिळंल, कधी घ्यायची, दोन म्हाताऱ्यांना काय काय लागंल, ते तुम्ही जायच्या आत आम्हाला नीट समजावून सांगा. सकाळच्या गाडीनं दोघं येतो. आणि सुई मात्र, साहेब, अर्धी-अर्धी नको. ती प्रत्येकाला वेगळीच द्या, आमची काही तक्रार नाही.

सुरेखा सिस्टर, तुमच्यावर पारावर ओरडलो, त्याबद्दल हात जोडतो. काढा पुढच्या हिवाळ्यातही पारावर होईल. आधी घरोघर जाऊन विचारू, मंग प्रत्येकजण आपला ग्लास आणील, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांच्या ग्लासात बद्रीनाथ आणि मी मिळून ओतू. शहागडच्या लोकांनाही खिडक्या उघडायला लावा. ते आधी पळतील, मंग तुम्हाला सोडणार नाहीत. तिकडून फोन करत जा. तुमचं आमचं मिटलं असं मी धरून चालतो. आता मात्र मान स्पष्ट हलवा. हां, दिसली.

रूपालीताईंनी दहा मिनिटं दिली होती, मी किती घेतली देव जाणे. आपण सगळ्यांनी, उकाड्यात, एका म्हाताऱ्याचं घरगुती गाऱ्हाणं निरोपाच्या भाषणात ऐकून घेतलं, मी आपला मनापासून आभारी आहे. डॉक्टरसाहेबांचे, मांडव देणाऱ्यांचे, सतरंज्या टाकणाऱ्या पोरांचे आभार. बोलताना कोणाला लागलं असेल, कोणाचा मान राहून गेला असेल, कोणावर मी मनातल्या मनात उगीच संशय घेतला असेल, तर पदरात घ्या.

रूपालीताई, चहा फिरवायला सांगा. बद्रीनाथ, तू खाली बस, मी येतो तिकडं. आमचा चहा एकच द्या. कप दोन द्या.